‘घवघवीत यश’ आणि तीस सप्टेंबरचा पट

जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर, दोन स्तंभांत, एका छायाचित्रासह छापली जाणारी शाळेची बातमी पूर्वी त्या जिल्ह्याबाहेर कोणाच्या दृष्टीस पडत नसे. आंतरजालावरील आवृत्त्यांमुळे ती आता पुण्या-मुंबईत बसलेल्या वाचकालाही दिसू लागली आहे. तिचा साचा ठरलेला असतो. गिरडसारख्या गावातील विद्यार्थ्यांनी अमुक परीक्षेत घवघवीत यश संपादन केले, तमुक स्पर्धेत तालुक्याचे नाव उज्ज्वल केले, यशाचे श्रेय आईवडील, मुख्याध्यापक व शिक्षकवृंद यांना दिले, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी पुष्पगुच्छ देऊन सत्कार केला. शहरातील वाचक ती वाचून हलकेसे हसतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. वास्तविक महाराष्ट्राच्या ग्रामीण शिक्षणाचे आजचे राजकारण आणि अर्थकारण या दोन स्तंभांत जितके दाटून आलेले असते, तितके मंत्रालयातील पत्रकार परिषदेतही क्वचितच सापडते. मात्र त्यासाठी ती बातमी कोणासाठी लिहिली जाते, हे ठाऊक असावे लागते.

गिरड हे वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील मोठे गाव. वर्धा शहरापासून साठेक किलोमीटर दूर. टेकडीवरील बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे विदर्भात सर्वपरिचित असलेले हे गाव नागपूर आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांच्या सीमांना जवळ आहे. शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर, बाजारासाठी हिंगणघाट. शेजारी खुर्सापारचे जंगल आहे आणि गेल्या काही वर्षांत या पट्ट्यातील वाघांच्या वावराच्या बातम्या वारंवार येत आहेत. अशा ठिकाणच्या शाळेत विद्यार्थी कबड्डीत किंवा खो-खोत विभागीय पातळीवर पोहोचतो, तेव्हा त्यामागे सायंकाळच्या सरावाचा एक प्रश्न सोडवलेला असतो. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे हे खरे. परंतु एसटी शाळेच्या मैदानासाठी थांबत नाही. शेवटची बस गाठायची तर सराव सोडावा लागतो आणि हिवाळ्यात अंधार लवकर पडल्यावर पांदण रस्त्याने मुलींनी एकट्याने जावे, असे जंगलालगतच्या गावातील कोणताही पालक म्हणणार नाही. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि कापूस वेचणीचा हंगाम बराचसा एकच असतो, ही आणखी एक अडचण. पदकाच्या बातमीत यातले काहीही येत नाही.

बातमीत हमखास येणारी गोष्ट म्हणजे शिष्यवृत्ती. तिच्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण ग्रामीण शाळेचे वर्षभराचे वेळापत्रक तिच्याभोवती फिरते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, शिक्षकांच्या बोलीत ‘एनएमएमएस’, आठवीत द्यावी लागते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी नव्वद प्रश्न आणि नव्वद मिनिटे. देशभरात दरवर्षी एक लाख विद्यार्थी निवडले जातात. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे. निवड झालेल्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरमहा हजार रुपये, म्हणजे एकूण ४८ हजार रुपये मिळतात. शहरातील वाचकास हा आकडा किरकोळ वाटेल. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने ४८ हजार म्हणजे जवळपास सहा क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतीत एवढे पीक हाती येण्यासाठी काय करावे लागते आणि पाऊस फिरला तर त्याचे काय होते, हे समुद्रपूर तालुक्यातील कोणीही सांगेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने तीन तासांत घराला मिळवून दिलेले हे उत्पन्न आहे. सत्काराच्या छायाचित्रात आईवडिलांच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यात कौतुकाइतकाच हा हिशेबही असतो आणि त्यात गैर काही नाही.

छायाचित्र छापून आल्यानंतरचा भाग मात्र कोणी लिहीत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा, शाळेने तो ऑनलाइन पडताळायचा, विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले असले पाहिजे, आणि हे सर्व दरवर्षी नव्याने करायचे. आधारवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी पैसे अडकतात. दहावीत किमान ६० टक्के गुण मिळाले नाहीत (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५) तर अकरावी-बारावीची रक्कम बंद होते. दहावीनंतर मूल दुसऱ्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गेले की जुन्या शाळेची जबाबदारी संपते आणि नव्या महाविद्यालयाला या मुलाला शिष्यवृत्ती आहे याची गंधवार्ताही नसते. आठवीत निवडल्या गेलेल्यांपैकी किती जण बारावीपर्यंत चारही वर्षांची रक्कम घेऊ शकले, हा आकडा शाळेच्या फलकावर असता तर ‘घवघवीत’ हे विशेषण अधिक जपून वापरले गेले असते. त्यासाठी कारकून लागतो, संगणक लागतो, चालणारे नेट लागते आणि पाठपुरावा करणारे कोणीतरी लागते. बहुतेक ठिकाणी ते ‘कोणीतरी’ म्हणजे गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षकच असतात.

राज्याच्या स्वतःच्या शिष्यवृत्ती परीक्षेची कथा याहून बोलकी आहे. चौथी आणि सातवीची ही परीक्षा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची. शिक्षण हक्क कायद्यातील पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी या रचनेशी मेळ घालण्यासाठी २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेण्यात आली. कागदावर हा बदल निर्दोष होता. परंतु महाराष्ट्रातील असंख्य जिल्हा परिषद शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात. पाचवी परंपरेने खासगी अनुदानित माध्यमिक शाळेला जोडलेली. परिणामी चार वर्षे मुलाला घडवायचे जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी आणि परीक्षेला बसवायचे दुसऱ्याच शाळेने, अशी स्थिती झाली. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घसरली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला आणण्याचा निर्णय घेतला. बदल सांधण्यासाठी २०२५-२६ या एका वर्षात चारही इयत्तांच्या परीक्षा घेण्याचे ठरले. दरम्यान २०२३ मध्ये रक्कमही वाढवण्यात आली होती: प्राथमिक स्तरावर वर्षाला पाच हजार, उच्च प्राथमिक स्तरावर साडेसात हजार. त्याआधी हे आकडे एक हजार आणि दीड हजार होते. म्हणजे पुणे-मुंबईत घडी बसवताना गावातील दोन शाळांमधील सीमारेषा कोणाच्या लक्षात आली नाही, आणि ती लक्षात यायला जवळजवळ दहा वर्षे जावी लागली.

ही सीमारेषा समजली की यशाच्या बातमीचा खरा वाचक कोण हेही समजते. तो म्हणजे त्याच गावातील आणि आसपासच्या चार-सहा वाड्या-वस्त्यांतील, चौथीत मूल असलेला पालक. त्याच्यासमोर तीन पर्याय असतात: जिल्हा परिषदेची शाळा, संस्थेचे अनुदानित विद्यालय, आणि तालुक्याच्या ठिकाणची, फाट्यावर पिवळी गाडी पाठवणारी इंग्रजी शाळा. उन्हाळ्यात शिक्षक मुले शोधत दारोदार फिरतात, ही ग्रामीण महाराष्ट्रात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्या फेरीत हातात असावे म्हणून बातमीचे कात्रण लागते, चौकात फ्लेक्स लागतो, व्हॉट्सअ‍ॅपवर गुणवंतांची छायाचित्रे लागतात. शिक्षकांना प्रसिद्धीची हौस जडली आहे, असा एक सूर शहरी चर्चेत ऐकू येतो. असेलही एखाद्याला. पण बाकीच्यांना चिंता असते ती पदाची.

पद पटावर ठरते. शाळेत किती शिक्षक मंजूर करायचे याचा निर्णय म्हणजे संचमान्यता, आणि तिच्यासाठी ३० सप्टेंबरची, आधार जुळलेली विद्यार्थीसंख्या धरली जाते. मूल रोज वर्गात येत असले, पण त्याचे आधार जुळत नसेल, तर संचमान्यतेच्या लेखी ते नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने या निकषांत मोठा बदल केला. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर त्या गटासाठी शिक्षकाचे पद शून्य, ही त्यातील सर्वाधिक वादग्रस्त तरतूद. शिक्षण हक्क कायद्याने याच गटासाठी भाषा, विज्ञान-गणित आणि सामाजिक शास्त्रे यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. वीस आणि एकोणीस यांत एका मुलाचे अंतर आहे. एखादे ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा मामाच्या गावी गेलेले कुटुंब ते ठरवू शकते. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा सुमारे पावणेपंधरा हजार आणि त्यांत शिकणारी मुले एक लाख पंच्याऐंशी हजारांहून अधिक, अशी आकडेवारी सप्टेंबर २०२३ मध्ये समूहशाळांचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा चर्चेत होती. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देऊन तेव्हा शिक्षण विभागाने समूहशाळांची बाजू मांडली होती. तीस मुलांच्या एका शाळेपेक्षा तीनशे मुलांच्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि खेळाचे शिक्षक देणे सोपे, या युक्तिवादात तथ्य आहे. फक्त त्या तीनशे मुलांना जंगलाच्या कडेने रोज कोण आणणार आणि गाडी नादुरुस्त झाली त्या दिवशी काय होणार, यावर प्रस्ताव फारसे काही सांगत नव्हता. वाड्या-वस्त्यांवरील मुलींचे शिक्षण अशाच प्रश्नांवर थांबते.

पटाची ही टांगती तलवार शाळेतील उपक्रमांचे स्वरूपही बदलून टाकते. जे मोजता येते, ज्याला क्रमांक लागतो, ते आधी. विज्ञान प्रदर्शन आहे, इन्स्पायर पुरस्कारासाठी प्रत्येक शाळेने कल्पना पाठवायच्या आहेत (निवड झालेल्यास दहा हजार रुपये), एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत, परसबागेची स्पर्धा आहे. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही मोहीम आली. राज्यस्तरावरील पहिले बक्षीस ५१ लाखांचे. याच वर्षी शनिवार ‘आनंददायी’ करण्याचेही फर्मान निघाले. यांपैकी एकही उपक्रम वाईट नाही. एलिमेंटरीसाठी रंगपेटी घेतलेल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा स्थिरचित्र काढले, हेही थोडके नाही. परंतु प्रत्येक उपक्रमाची छायाचित्रे अपलोड करायची, लिंक भरायची, अहवाल पाठवायचा, आणि तो न पाठवल्यास खुलासा द्यायचा. आनंदाचाही अहवाल असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे मान्य केली आहेत. पण केवळ तेवढ्यातच शिक्षकांचे किती दिवस जातात, हे निवडणुकीच्या वर्षात कोणत्याही गावात दिसते. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. मुलांना पर्याय निवडण्याचा सराव देणारे गुरुजी आता रात्री स्वतः तोच सराव करतात.

या सर्वांत मूल वाचायला शिकते का? ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्केच मुले दुसरीचा उतारा वाचू शकली. दहा वर्षांतील ही सुधारलेली स्थिती आहे आणि पाचवीचे चित्र याहून बरे आहे, तरीही चारपैकी तीन मुले मागे राहतात. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसणारी सहा-सात मुले आणि वाचता न येणारी सहा-सात मुले एकाच वर्गात, अनेकदा एकाच बाकावर असतात. पहिल्या सहांमुळे बातमी होते. दुसऱ्या सहांना वाचायला शिकवणाऱ्या शिक्षिकेचा सत्कार झाल्याचे सहसा वाचनात येत नाही.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात ही विसंगती अधिक बोचते, कारण विद्यार्थ्याचे यश म्हणजे काय, या प्रश्नाचे एक अगदी वेगळे उत्तर याच जिल्ह्यात दिले गेले होते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि त्याच वर्षाअखेरीस तिने नव्या शिक्षणाचा आराखडा मांडला. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला, मातृभाषेला चाळीस मिनिटे. सूतकताई, शेती, सुतारकाम यांतूनच गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र शिकवायचे होते. सेवाग्रामला आर्यनायकम दाम्पत्याने ते प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. त्या योजनेवरची टीकाही विसरता येत नाही: मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागवण्याची कल्पना अनेकांना तेव्हाही पटली नव्हती, आणि हाताचे काम पुन्हा बहुजनांच्याच मुलांच्या वाट्याला येईल, ही शंका निराधार नव्हती. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग तासिकेपुरता उरला आणि पुढे तीही गेली. परंतु सेवाग्रामला २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ शाळा पुन्हा सुरू झाली. शेती, स्वयंपाक, सूत यांच्या आधारे ती मराठी माध्यमातून चालते. गिरडहून ती दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे.

त्या दृष्टीने गिरडच्या टेकडीकडेच पाहा. दर्ग्याच्या परिसरात सुपारी-जायफळासारखे दिसणारे गोल खडे विपुल सापडतात. संताची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले, ही त्यांची पंचक्रोशीतील कथा. ब्रिटिश काळातील गॅझेटिअरनेही तिची दखल घेतली आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ते झिओलाइटचे गोळे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या पोकळ्यांत तयार झालेले. एका टेकडीवर श्रद्धा, लोककथा, खनिजशास्त्र आणि इतिहास अशी चार पुस्तके उघडी पडली आहेत. आठवीच्या वर्गाने आजोबांकडून कथा ऐकून लिहून काढावी, खडे वजन करून, फोडून, भिंगातून पाहावेत, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या ज्वालामुखीपेक्षा हे कितीतरी मोलाचे ठरेल. कोणाच्या भावनेला धक्का न लावता हे कसे करायचे, हे गावातील शिक्षकाला शहरातील पंडितापेक्षा चांगले कळते. प्रश्न असा की त्याला त्यासाठी सलग तीन आठवडे कोण देणार.

यावर ‘एका चांगल्या शिक्षकाने मनात आणले तर’ असे उत्तर लगेच दिले जाते, आणि उदाहरणे आहेतही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट तीनवर आल्याने बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तेथे आल्यावर मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत आणि गावाचा सहभाग यांवर ती उभी राहिली आणि २०२५ मध्ये जगातील सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार तिने मिळवला. याबद्दल अभिमान वाटलाच पाहिजे. पण जालिंदरनगर ज्या पट्ट्यात आहे तेथे उद्योगांचा पैसा आहे, जमिनीला भाव आहे, पुणे हाकेच्या अंतरावर आहे. समुद्रपूर तालुक्यात ते नाही. शिवाय ज्या व्यवस्थेत एका शिक्षकाची बदली झाली की शाळेचे भवितव्य बदलते, त्या व्यवस्थेने अशा पुरस्काराने स्वतःची पाठ थोपटून घेणे बरोबर नाही. जालिंदरनगरला पट तीन असताना तेथे शिक्षक नेमला गेला, ही या कथेतील सर्वांत कमी चर्चिली गेलेली बाब आहे. आजच्या चर्चेतील समूहशाळेचे सूत्र तेव्हा लागू केले असते तर ती शाळा नकाशावर राहिलीच नसती.

तेव्हा गिरडची पुढची बातमी वाचताना वाचकाने तीन आकडे मनात धरावेत आणि वार्ताहरांनी ते विचारावेत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही: चार वर्षांपूर्वी याच शाळेतून शिष्यवृत्तीस पात्र ठरलेल्यांपैकी आज किती जण शिकत आहेत, शाळेतील मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, आणि सातवीच्या वर्गातील किती मुलांना स्वच्छ वाचता येते. पहिले दोन आकडे विचारून मिळू शकतात. तिसऱ्यासाठी वर्गात अर्धा तास बसावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. हा अर्धा तास मागण्याचा अधिकार त्यांना आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे इतरांपेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे घंटा वाजल्यापासून ३० सप्टेंबरपर्यंत जेमतेम तीन महिने हाती असतात. या तीन महिन्यांत गुरुजी आधार जुळवत असतात, कारण पुढल्या वर्षी या वर्गाला शिक्षक असेल की नाही, हे त्यावर ठरायचे असते.